नाव आणि गोत्र

भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या रकान्यात पंचांगकर्ते 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असे बारीक अक्षरांत छापतात आणि लोकव्यवहारात त्या तिथीला घातचतुर्दशी म्हणतात. जे दुखण्याने किंवा वार्धक्याने गेले त्यांचे श्राद्ध पितृपंधरवड्यात ज्या त्या तिथीला व्हावयाचे. पण जे शस्त्राने, अपघाताने, अवचित घाताने गेले त्यांच्यासाठी ही एक तिथी वेगळी राखून ठेवलेली आहे. धर्मशास्त्रकारांच्या व्यवहारबुद्धीचे मला या बाबतीत नेहमीच कौतुक वाटत आले आहे. मृताची तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या धरावी, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्राचा उच्चार करावा, अशी एकेका अडचणीची सोय त्यांनी शांतपणे लावून ठेवली. मात्र ज्याचे गोत्र सोडाच, पण नाव कोणते आणि ते पुरुषाचे की स्त्रीचे, याविषयीच मागे राहिलेल्यांत तंटा असेल, त्याच्यासाठी पाणी सोडताना काय म्हणावे, ही अडचण त्यांच्यापुढे कोणी मांडली नसावी.

गेल्या पाव शतकात इंग्रजी कालगणनेतही अशी एक घातचतुर्दशी रूढ झाली आहे. दरवर्षी २० नोव्हेंबरच्या संध्याकाळी जगातील पुष्कळ शहरांत, आणि आता भारतातील काही शहरांतही, लोक मेणबत्त्या घेऊन एखाद्या चौकात वा सभागृहात जमतात आणि मागील वर्षभरात मारल्या गेलेल्या पारलिंगी व्यक्तींची नावे एकामागून एक मोठ्याने वाचतात. भाषणे असलीच तर थोडी असतात. नाव, वय, गाव, मृत्यूचा प्रकार, आणि लगेच पुढचे नाव. जन्माच्या वेळी सुईण वा डॉक्टर देहाकडे पाहून जो लिंगनिर्णय सांगतात तो ज्यांच्या अंतरीच्या जाणिवेशी जुळत नाही, त्या सर्वांना हा पारलिंगी शब्द लागू पडतो. आपल्याकडील हिजडा समाज, ज्याची स्वतःची गुरु-चेल्याची परंपरा, घराणी आणि पंचायती आहेत, तो या विशाल वर्गाचा एक भाग होय. सगळा वर्ग नव्हे.

या दिवसाची उत्पत्ती ज्या घटनेतून झाली ती अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या ऑल्स्टन नावाच्या वस्तीत घडली. विद्यार्थी, वादक आणि बेताच्या मिळकतीची माणसे यांनी गजबजलेल्या त्या वस्तीत रीटा हेस्टर नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री राहत असे. जन्मतः तिला मुलगा मानले गेले होते. पण वयात आल्यावर ती स्त्री म्हणूनच जगली, रंगमंचावर कार्यक्रम करीत राहिली, आणि तिथल्या गाण्याबजावण्याच्या अड्ड्यांवर ती सर्वांच्या ओळखीची होती. २८ नोव्हेंबर १९९८ रोजी, वयाची पस्तीस वर्षे पुरी व्हायला दोन दिवस उरले असताना, तिच्याच घरात कोणीतरी तिच्या छातीवर चाकूचे अनेक वार केले. इस्पितळात नेल्यावर ती मरण पावली, आणि मारणारा कोण होता हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

खुनाची बातमी वृत्तपत्रांत आली. पण ज्या रीतीने आली तिनेच तिच्या मित्रपरिवाराला दुसरा घाव घातला. शहरातील वृत्तपत्रांनी तिचा उल्लेख पुरुष म्हणून केला, रीटा हे नाव अवतरणचिन्हांत कोंबले, आणि स्त्रीवेषाची आवड असलेला कोणी पुरुष दुहेरी आयुष्य जगत होता, असा एकंदर सूर लावला. अवतरणचिन्हासारखे क्षुद्र चिन्ह किती मोठे काम करू शकते, याचा हा नमुना ध्यानात ठेवण्याजोगा आहे: जी बाई त्या नावाने वर्षानुवर्षे हाक मारली गेली आणि त्या हाकेला ओ देत आली, तिचे नाव म्हणजे तिने घेतलेले एक सोंग, असे त्या दोन टिंबवजा खुणांनी वाचकांच्या कानात सांगितले. ४ डिसेंबर १९९८ रोजी सुमारे अडीचशे माणसे मेणबत्त्या हाती घेऊन ऑल्स्टनच्या रस्त्यांवरून तिच्या घरापर्यंत चालत गेली. दारापाशी पोचल्यावर तिची आई गुडघे टेकून खाली बसली, इतर मुलेही तिच्याजवळ बसली, आणि त्या थंडीत लोकांनी प्रार्थना म्हटली.

आता येथे एक योगायोग आहे, आणि खरे पाहता सारी कथा त्याच्यावरच उभी आहे. रीटाच्या आधी सुमारे तीन वर्षे, २० नोव्हेंबर १९९५ रोजी, त्याच बॉस्टनच्या शेजारच्या वॉटरटाउन गावात शॅनेल पिकेट नावाची आणखी एक कृष्णवर्णीय पारलिंगी तरुणी एका पुरुषाच्या घरी मारली गेली होती. तो पुरुष पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला, आणि खुनाच्या आरोपातून तो सुटला; शिक्षा झाली ती मारहाणीची, जेमतेम दोन वर्षांच्या आसपासची. कॅलिफोर्नियात राहणारी ग्वेंडोलिन अ‍ॅन स्मिथ ही पारलिंगी लेखिका रीटाच्या मृत्यूविषयी काही परिचितांशी बोलत असताना शॅनेलचा विषय निघाला, आणि तिच्या असे लक्षात आले की बॉस्टनकडच्या मंडळींना देखील शॅनेलचे नाव आठवत नाही. तीन वर्षांत, त्याच परिसरात, त्याच महिन्यात मारल्या गेलेल्या मुलीचे नाव तिच्याच लोकांच्या स्मरणातून पुसले गेले होते. स्मिथबाईंनी जुनी वर्तमानपत्रे, न्यायालयीन वृत्तांत आणि लोकांच्या आठवणी धुंडाळून मृतांची एक यादी जुळवावयास घेतली. १९९९ साली बॉस्टन व सॅन फ्रान्सिस्को येथे पहिले स्मरण झाले, आणि पुढे २० नोव्हेंबर हा दिवस सर्वत्र रूढ झाला.

त्या यादीत शस्त्राने न मेलेलीही माणसे आहेत. ७ ऑगस्ट १९९५ रोजी वॉशिंग्टन शहरात टायरा हंटर ही चोवीस वर्षांची केशरचनाकार मोटार अपघातात जबर जखमी झाली. धावून आलेल्या आपत्कालीन पथकातील एकाने तिचे कपडे कापले, देहाचा उलगडा झाल्यावर हात आखडता घेतला, आणि बघ्यांच्या देखत तिची निर्भर्त्सना केली. इस्पितळातही तिच्यावर वेळेवर व योग्य उपचार झाले नाहीत. ती गेली. तिच्या आईने शहराच्या सरकारावर दावा लावला आणि १९९८ च्या अखेरीस ज्यूरीने सुमारे एकोणतीस लाख डॉलरांची नुकसानभरपाई मंजूर केली. या प्रकरणात मारेकरी म्हणून कोणाकडे बोट दाखवावे? चाकू कोणाच्याच हातात नव्हता. दोन-चार मिनिटे एका माणसाचा हात जेथे असावयास हवा होता तेथे नव्हता, एवढेच. आपल्याकडे इस्पितळाच्या रांगेत 'पुरुषांच्या खोलीत की बायकांच्या' या प्रश्नावर ताटकळलेल्या तृतीयपंथी रुग्णांची कैफियत ज्यांनी ऐकली असेल, त्यांना वॉशिंग्टन फार दूरचे वाटणार नाही.

नेब्रास्का संस्थानातील ब्रँडन टीना या तरुणाचा वृत्तांत चित्रपटामुळे पुष्कळांना ठाऊक आहे. स्त्रीदेहाने जन्मलेला आणि पुरुष म्हणून जगणारा हा एकवीस वर्षांचा मुलगा १९९३ च्या नाताळात बलात्काराला बळी पडला. त्याने पोलिसांत फिर्याद दिली, तेव्हा तिथल्या प्रमुख अंमलदाराने आरोपींना अटक करण्याऐवजी फिर्यादीलाच त्याच्या देहाविषयी अश्लाघ्य प्रश्न विचारले. आणि आठवडाभरात, ३१ डिसेंबरला, त्याच दोघा आरोपींनी त्याला गोळ्या घातल्या. २००१ साली त्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयाने अंमलदाराच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. पण लिंकन शहरातील ब्रँडनच्या थडग्यावर आजही त्याचे जन्मनाव कोरलेले आहे आणि खाली कन्या, भगिनी, मैत्रीण असे नात्यांचे शब्द आहेत. पुत्र हरपलेल्या कुटुंबाने कन्या हरपल्याचा दगड उभा केला. या कुटुंबाला दोष देण्याची मला घाई नाही. शोकात माणूस जुन्याच नावाला कवटाळतो. तथापि ज्या नावाखातर त्या मुलाने जीव धोक्यात घातला, ते नाव त्याच्या थडग्यापाशी जाऊन वाचता येत नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

या बाबतीत आपली मराठी भाषा इंग्रजीहून अधिक कसोटी पाहणारी आहे. इंग्रजीत सर्वनाम तेवढे सांभाळले की वाक्य निभावते; मराठीत विशेषण, क्रियापद, संबंधदर्शक प्रत्यय या सर्वांना लिंग चिकटलेले असते. 'तो मारला गेला' आणि 'ती मारली गेली' यांच्यामध्ये तटस्थ राहण्याची सोय वार्ताहराला नाही. 'ते मारले गेले' असे आदरार्थी बहुवचन योजावे तरी 'गेले' की 'गेल्या' हा प्रश्न उभा राहतोच. त्यावर आपल्या बातम्यांनी काढलेला तोडगा असा की 'तृतीयपंथीयाचा मृतदेह आढळला' असे लिहून मोकळे व्हावे. त्या वाक्यात लिंगाची अडचण टळते खरी, पण माणूसही टळतो. कारण त्यात बहुधा नाव नसते, असलेच तर 'उर्फ' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन नावे असतात, आणि मृत व्यक्ती ज्या नावाने ओळखली जात होती ते नेहमी 'उर्फ'च्या उजवीकडे. शिखंडी आणि बृहन्नडा यांची उदाहरणे देऊन आपली संस्कृती किती सहिष्णु होती हे सांगणारे वक्ते अशा प्रसंगी हमखास उभे राहतात. त्यांनी शिखंडी हा शब्द आपण रोजच्या भांडणात कोणत्या अर्थाने वापरतो, याचाही एकदा विचार करावा.

परंतु भारताचा आणि या स्मरणदिनाचा खरा संबंध भाषेपेक्षा दप्तरात अधिक सापडतो. १८५२ साली, म्हणजे कंपनी सरकारच्या अमदानीत, वायव्य प्रांतातील मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या एका हिजड्याचा खून झाला. संशय तिच्या पूर्वीच्या जोडीदारावर गेला, खटला चालला आणि न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. येथे सामान्य खुनाच्या खटल्याचे कागद बासनात बांधले जावयाचे. पण तसे झाले नाही. जेसिका हिंची या इतिहाससंशोधिकेने हे कागद बारकाईने वाचले आहेत, आणि त्यांतून दिसते ते असे की, खटल्याच्या निमित्ताने साहेब अंमलदारांचे लक्ष मारणाऱ्यावरून उडून मेलेलीच्या समाजाकडे वळले. हिजडे म्हणून एक जमात आपल्या अमलाखाली राजरोस नांदते, स्त्रीवेषात गाते-नाचते, गुरु-चेल्याच्या नात्याने संसार करते, ही गोष्टच त्यांना राज्याला लांच्छन वाटू लागली. खून झाला भूराचा, आणि बंदोबस्त झाला भूराच्या भाऊबंदांचा.

त्या विचाराला कायद्याचे रूप आले १८७१ साली. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणून ज्याची दुष्कीर्ती आहे, आणि ज्याचे भोग पारधी, बेरड, कैकाडी आदी जमातींनी पुढे महाराष्ट्रातही भोगले, त्या कायद्याचा दुसरा भाग केवळ या लोकांसाठी होता. आरंभी तो वायव्य प्रांत, अवध व पंजाब यांना लागू झाला. संशयित म्हणून ठरविलेल्यांची नावे व राहण्याची ठिकाणे यांची सरकारी नोंदवही ठेवावयाची. त्यांच्या मालमत्तेची माहिती मागावयाची. नोंद झालेला इसम स्त्रीचा पोशाख वा दागिने घालून लोकांना दिसेल अशा रीतीने रस्त्यावर आला, अथवा नाचला, अथवा त्याने वाद्य वाजविले, तर वॉरंटावाचून अटक करून दोन वर्षांपर्यंत कैद द्यावयाची. सोळा वर्षांखालील मुलगा त्याच्या घरी आढळला तरी शिक्षा. आणि, ज्या कलमाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही ते हे की, अशा माणसाला मृत्युपत्र करता येणार नाही, दान देता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही. यामागचा हिशेब सरळ होता. चेला नाही, वारस नाही, वेष नाही, गाणे नाही, अशा अवस्थेत ही जमात एका-दोन पिढ्यांत आपोआप नाहीशी व्हावी, हा हेतू त्या काळच्या अंमलदारांनी आपल्या टिपणांत फारसा लपविलेलाही नाही.

आमच्या मुलखात नाहीसे करण्याची तऱ्हा निराळी, अधिक कारकुनी होती. मराठ्यांच्या राजवटीत काही हिजड्यांकडे वतने होती, इनाम जमिनी होत्या, ठराविक गावांतून पैसा वा धान्य मागण्याचा हक्क होता, आणि गुरूच्या पश्चात तो चेल्याच्या नावे चढत असे. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने या हक्कांची छाननी आरंभली आणि ते पुढच्या चेल्याच्या नावे चालू ठेवण्यास नकार दिला. कोणाला मारले नाही, कोणाला कैद केले नाही. फक्त चेला हा वारस नव्हे, असे ठरविले. रक्ताच्या घराने दार बंद केलेल्या माणसाला ज्या एका नात्याने गोत्र मिळवून दिले होते, ते नाते सरकारी दप्तराने अग्राह्य केले.

१८७१ च्या कायद्यातील तो भाग १९११ मध्ये नव्या कायद्यातून गळला. परंतु वाईट कल्पनांचे आयुष्य दीर्घ असते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात त्या वेळी आपला मराठवाडाही होता, १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, याच धर्तीचा कायदा झाला. संस्थान गेले, पण तो तेलंगणाच्या कायदेसंग्रहात तसाच राहिला आणि जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. शतकाहून अधिक काळ या नोंदवहीचा कागद कायद्याच्या कपाटात जिवंत होता.

नोंदीचा अर्थ पालटला तो अलीकडे. २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' असा तिसरा पर्याय आला, आणि ४,८७,८०३ माणसे त्यात मोजली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. प्रत्यक्ष संख्या याहून बरीच अधिक असली पाहिजे, कारण घरच्या कर्त्याने प्रगणकाला काय सांगितले यावर तो आकडा अवलंबून. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राधाकृष्णन व न्यायमूर्ती सिक्री यांनी 'नाल्सा' म्हणून प्रसिद्ध असलेल्या निकालात आपले लिंग कोणते हे ज्याचे त्याने ठरवावयाचे, असा निर्वाळा दिला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात सामील होत्या. त्यानंतर २०१९ साली पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या १८ व्या कलमात शारीरिक व लैंगिक अत्याचारासह नाना प्रकारच्या छळासाठी शिक्षा सांगितली: कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे. स्त्रीवरील बलात्काराला आपल्या फौजदारी कायद्यात किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. कायदे करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते की नाही, कोण जाणे. वॉटरटाउनच्या खटल्यात न्यायालयाने शॅनेलच्या जिवाचे जे मोल केले, त्याच्याशी हे दोन वर्षांचे माप विलक्षण जुळते.

आता मृतांची मोजदाद. युरोपातील पारलिंगी संघटनांचे एक मंडळ २००९ पासून जगभरच्या बातम्या व स्थानिक संस्था यांच्याकडून अशा हत्यांची माहिती गोळा करीत आहे. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या वर्षात त्यांच्या यादीत ३५० हत्या आल्या. अनेक वर्षे सर्वाधिक नावे ब्राझीलमधून येतात. बहुतेक मृत पारलिंगी स्त्रिया असतात, आणि ज्यांच्या व्यवसायाची माहिती मिळते त्यांत देहविक्रय करणाऱ्या पुष्कळ. हे आकडे वाचताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ब्राझीलमध्ये मोजणाऱ्या संस्था जागरूक आहेत म्हणून तेथील नावे यादीत येतात. ज्या देशात पंचनाम्यावर जन्मनावच लिहिले जाते, घरचे लोक प्रेत ताब्यात घेऊन केस कापून पुरुषाच्या कपड्यांत अंत्यविधी उरकतात, तेथील रकाना कोरा दिसतो, आणि कोऱ्या रकान्याला शांतता समजण्याची चूक कोणाच्याही हातून होऊ शकते.

भूराचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते एवढ्याचसाठी की खुनाच्या खटल्यात कारकुनाला मृताचे नाव लिहिणे भाग होते. रीटाचे चित्र २०२२ साली ऑल्स्टनमधील एका भिंतीवर रंगविण्यात आले. रिक्सी या चित्रकर्तीने ते काढले. तिच्या खुनाचे गूढ मात्र अद्यापि उलगडलेले नाही.

२० नोव्हेंबरच्या संध्याकाळी वाचल्या जाणाऱ्या यादीत नाव नसलेल्या ओळीही पुष्कळ असतात. त्या ओळीशी आल्यावर वाचणारा क्षणभर थांबतो, 'नाव अज्ञात' म्हणतो, मग गावाचे नाव घेतो, आणि जमलेली माणसे इतर नावांना जेवढा वेळ देतात तेवढाच वेळ त्या ओळीलाही देऊन पुढच्या नावाची वाट पाहतात.